मान न मोडलेल्या बाटल्या

मी, कुलसुम मुबारक मुकादम, वय वर्षे सदुसष्ट, धंदा जुन्या बाटल्यांचा, राहणार मोहल्ला, पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. कोणी जबरदस्ती केलेली नाही, कोणी कान भरलेले नाहीत. मला साखर आहे, उजवा गुडघा बदललेला आहे आणि राग आहे. यापैकी कशाचाही डोक्यावर परिणाम झालेला नाही, असा डॉ. निनाद बापट यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली, आणि गेल्या पावसाळ्याआधी क्वार्टर केवढ्याला मिळत होती, आता केवढ्याला मिळते आणि मधला फरक कोणाकोणाच्या खिशात जातो तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "चाची, बस झालं. तुम्ही माझ्यापेक्षा शुद्धीत आहात."

माझ्या वकील ॲड. चारुता कर्णिक यांचं म्हणणं असं, की मृत्युपत्रात मिळकत लिहावी, मनातलं लिहू नये. मनातलं वगळलं तर हा कागद अर्ध्या पानात संपतो. शेवटी असं ठरलं की कलमांचे आकडे त्यांनी घालायचे आणि मधलं मी सांगायचं.

कलम १. माझं दफन साधेपणाने करावं. दफनाचा खर्च आणि जे काही देणं निघेल ते आधी फेडावं. गाळ्यात काम करणाऱ्या बायकांची मजुरी हे पहिलं देणं समजावं, दवाखान्याचं त्यानंतर. दवाखाना थांबू शकतो.

कलम २. शरीयतीप्रमाणे देणं फिटल्यावर जे उरेल त्याच्या एक तृतीयांशावरच माझी मर्जी चालते. बाकीचे वाटे ठरलेले आहेत. मुलगा ओवेस याचे दोन, मुलगी सिदरा हिचा एक. वारसाला वाट्याबाहेर सुईसुद्धा द्यायची तर दुसऱ्या वारसाची संमती लागते. हे मला मान्य आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही. राग मात्र एक तृतीयांशात बसत नाही, तो पुढे जिथे तिथे सापडेल.

कलम ३. मिळकत अशी. मोहल्ल्यातलं दोन खोल्यांचं घर. जासईच्या रस्त्यावर, कंटेनर यार्डांच्या रांगेत, माझ्या नावावर असलेला पत्र्याचा गाळा, त्यातल्या सिमेंटच्या चार टाक्या, लाकडी क्रेट, लांब दांड्याचे ब्रश. बँकेत थोडी शिल्लक. सोन्याच्या दोन बांगड्या. आणि एक हातोडी.

गाळ्याची हकिगत सांगितल्याशिवाय हातोडी कशासाठी हे कळायचं नाही. माझे शोहर मुबारक कुवेतला होते. नव्वद साली लढाई झाली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. इथे काम मिळेना. तेव्हा हायवेवरच्या बारमधून रिकाम्या बाटल्या उचलायच्या, धुवायच्या आणि दारूच्या कारखान्यांना परत विकायच्या, असं त्यांनी सुरू केलं. आम्ही दोघांनी उभ्या जन्मात थेंब चाखला नाही. पण वासावरून कुठल्या बाटलीत काय होतं ते मी डोळे मिटून सांगायची. लोकांनी नावं ठेवली. मुबारक म्हणायचे, "कुलसुम, आपण काच विकतो. आत काय होतं ते पिणाऱ्याच्या हिशोबात."

त्यांनी गाळ्याला दोन नियम घालून दिले. पहिला नियम ठिपक्याचा. धुणाऱ्या प्रत्येक बाईला नेलपॉलिशचा वेगळा रंग. धुतलेल्या बाटलीच्या बुडाला तिने आपला ठिपका लावायचा, म्हणजे एखादीत वास राहिला तर कोणाच्या हातची ते लगेच कळतं आणि ती तिच्याकडेच परत जाते. पुढे कारखान्यात बाटली गरम सोड्यात बुडते, तिथे तो ठिपका निघून जातो. वेणू घरत हिचा रंग गुलाबी. ती सव्वीस वर्षं गाळ्यात आहे आणि तिचा ठिपका असलेली बाटली कधी परत आलेली मला आठवत नाही.

दुसरा नियम हातोडीचा. कारखाने घेतात त्या साध्या, रोजच्या मालाच्या बाटल्या. महागड्या विलायती दारूची सुबक बाटली कारखाना परत घेत नाही. तिला गिऱ्हाईक एकच, नकली माल भरणारा. म्हणून अशी बाटली आली की हातोडीने तिची मान मोडायची आणि काच म्हणून भट्टीला किलोवर द्यायची. मान मोडल्याशिवाय अशी एकही बाटली गाळ्याबाहेर जाणार नाही, असं मुबारक यांनी मला मरणाच्या आदल्या आठवड्यातसुद्धा बजावलं होतं. चौतीस वर्षं हा नियम चालला.

कलम ४. सरकारला मी काहीही ठेवत नाही. त्याचा वाटा ते आधीच घेऊन गेलं आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर दारूवरचा कर वाढला. साधी क्वार्टर दोनशेच्या वर गेली. बारवाल्यांनी एक दिवस शटर बंद ठेवून निषेध केला, दुसऱ्या दिवशी उघडली, आणि गिऱ्हाईक मात्र आलं नाही. आम्ही ज्यांच्याकडून बाटल्या उचलायचो त्यातले दोन बार दिवाळीआधी मिटले. तिथले वेटर गावी गेले. कारखान्याचा माल खपेना, तेव्हा कारखान्याने आमच्या धुतलेल्या बाटल्या घेणं अर्ध्यावर आणलं आणि मग फोन उचलणं बंद केलं. गाळ्यात नऊ बायका होत्या, तीन राहिल्या. सहाजणींना मी स्वतः सांगितलं, उद्यापासून येऊ नका. एकीने विचारलं, "भाभी, आमचं काय चुकलं?" मी तिला काय सांगणार, मंत्रालयात विचारून ये?

टीव्हीवर बसून लोक म्हणत होते, दारू महाग झाली की माणसं दारू सोडतील. खरंच सोडली असती तर मी माझ्या हाताने गाळ्याला कुलूप घातलं असतं आणि शुक्राना अदा केला असता. पण झालं ते मी गाळ्यात बसून पाहिलं. ज्याला परवडत होतं तो पीतच राहिला. ज्याला परवडत नव्हतं तोही पीत राहिला, फक्त काय पितो हे विचारायचं त्याने सोडलं. आणि भरलेली बाटली महाग झाली तशी रिकामी बाटलीसुद्धा महाग झाली. हे कुठल्या साहेबाच्या ध्यानात आलं होतं की नाही मला माहीत नाही. असली आणि नकलीमधलं अंतर जेवढं वाढलं तेवढा नकली भरणाऱ्याचा नफा वाढला. काचेच्या भट्टीत जिचे दोन रुपये येत नव्हते, त्या बाटलीला बूच आणि खोक्यासकट सत्तर रुपये द्यायला माणसं दारात उभी राहिली. तिजोरीत किती पडले ते त्यांनी मोजावं. आमच्या बाजूला काय पडलं ते कलम सातमध्ये आहे.

कलम ५. बाटल्या घ्यायला पांढऱ्या गाडीतून आलेल्या माणसाला, ज्याने आपलं नाव सांगितलं ते खोटं निघालं, मी माझी बद्दुआ ठेवते. ती तृतीयांशात मोजायची नाही असं वकीलबाईंनी सांगितलं आहे.

कलम ६. शेजारीण शबनम हिने तीस वर्षं मला पाठीमागे बाटलीवाली म्हटलं आणि पुढच्या दाराने येऊन कोकमाचं आगळ आणि सिरका भरायला माझ्याच बाटल्या नेल्या, त्या कधी परत केल्या नाहीत. तिला दोन डझन धुतलेल्या बाटल्या द्याव्यात. तिने त्या घेताना चार लोक हजर असावेत.

कलम ७. माझ्या मर्जीचा एक तृतीयांश मी वेणू प्रभाकर घरत, राहणार जासई, हिला देते. तो गाळ्यातून द्यावा. कारण लिहिते.

वेणूचा नवरा प्रभाकर यार्डात ट्रेलर चालवायचा. रविवारी एक क्वार्टर घ्यायचा, त्याच्यावर कधी नाही. वेणू त्याला शिव्या देत मासळी तळून द्यायची. कर वाढल्यावर त्याची नेहमीची क्वार्टर त्याला जड झाली. गेल्या ऑक्टोबरात यार्डाबाहेर कोणीतरी त्याला महागड्या दारूची अख्खी बाटली तीनशे रुपयांत दिली. जहाजावरून उतरलेला माल आहे, म्हणून स्वस्त, असं सांगितलं. प्रभाकर खूश झाला. आयुष्यात पहिल्यांदा साहेबलोकांची दारू पितोय, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेणूला म्हणाला, "बाहेर एवढा धुका कशाला परलाय?" धुकं नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्याला काही दिसेनासं झालं. जीव वाचला. डोळे गेले.

दवाखान्यातून दोन दिवसांनी वेणू कपडे न्यायला घरी गेली. मोरीत ती बाटली पडली होती. हातात बाटली आली की बूड बघायचं, ही सव्वीस वर्षांची सवय. तिने उलटी केली. बुडाला गुलाबी ठिपका होता.

गरम सोडा नकली भरणाऱ्याकडे कुठला असणार? ठिपका जसाच्या तसा राहिला होता. ती बाटली वेणूने धुतली होती. लेबल न भिजवता, आतून, चांगली घासून, वास राहू न देता.

ती तशीच उठून बाटली घेऊन पनवेलला माझ्या दारात आली. रडली नाही. म्हणाली, "भाभी, ही आपल्या गाल्यातली हाय. हिची मान का मोडली नाय?"

कलम ८. हातोडी मी माझा मुलगा ओवेस मुबारक मुकादम, राहणार रोडपाली, कळंबोली, याला देते. वाट्याबाहेरची वस्तू असल्यामुळे सिदराने शारजाहून फोनवर संमती दिली आहे. तिने विचारलं, "अम्मी, फक्त हातोडी?" होय, फक्त हातोडी.

त्या ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि गाळा ओवेस बघत होता. सहा आठवडे मान न मोडलेल्या बाटल्या गाळ्याबाहेर गेल्या. टेम्पोत त्याने भरल्या. शोपीसच्या दुकानाची ऑर्डर आहे, लेबल जपून धुवा, असं बायकांना त्याने सांगितलं. पोलिसांनी विचारल्यावर त्याने मान खाली घालून जबाब दिला, मीच विकल्या, माझ्या अकलेने विकल्या, घरात कोणाला माहीत नव्हतं. तो सध्या जामिनावर आहे. त्या दिवसापासून आठ महिने मी त्याला घरात घेतलेलं नाही. ईदला तो जिन्याखाली उभा राहून गेला. मोहल्ल्यात मी चारचौघांसमोर म्हटलं, हा माझ्या पोटी कसा आला? लोकांनी मला पाणी दिलं. म्हणाले, चाची, तुमच्यासारख्या बाईच्या नशिबी हे यावं.

कलम ९. इथपर्यंत सांगून झाल्यावर काल मी वकीलबाईंना म्हटलं, आता सही करते. पेन हातात घेतलं आणि सही झाली नाही. सुरुवातीला मी लिहून दिलं आहे की मी शुद्धीत आहे. शुद्धीतल्या माणसाने असा कागद सही करून ठेवायचा नसतो. म्हणून हे कलम.

पांढऱ्या गाडीतला माणूस आधी गाळ्यावर गेला नव्हता. तो माझ्या घरी आला होता. मी पलंगावर पाय उशीवर ठेवून बसले होते. सहा बायकांना काढून दोन आठवडे झाले होते आणि माझ्या अंगात नुसता संताप होता. सरकारवर, कारखान्यावर, त्या फोन न उचलणाऱ्या मॅनेजरवर. तो म्हणाला, "चाची, चौतीस वर्षं इमानदारी केलीत. काय दिलं कोणी?" हे वाक्य मी स्वतःशीच रोज म्हणत होते. त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते खरं वाटलं.

त्याच दुपारी ओवेसने गाळ्यावरून फोन केला. विलायती माल आलाय. नेहमीप्रमाणे विचारलं, "अम्मी, फोडू ना?"

मी म्हटलं, "राहू दे."

तो म्हणाला, "अम्मी, अब्बांनी सांगितलेलं." मी त्याच्यावर ओरडले. अब्बा आता गाळ्याचं वीजबिल भरायला येणार आहेत का, असं विचारलं. बायकांना काय सांगायचं तेही मीच शिकवलं, शोपीसचं. पुढे सहा आठवडे त्याने पुन्हा विचारलं नाही. पैसे माझ्या उशीखाली आले.

पोलिसांसमोर तो जबाब देत होता तेव्हा मी बाजूच्या खुर्चीत बसले होते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. तो बोलला नाही. मीही बोलले नाही. घरी येताना रिक्षात त्याने माझा पाय दुखू नये म्हणून आपली बॅग माझ्या टाचेखाली ठेवली, आणि घरी पोचल्यावर मी त्याला सांगितलं, तू आता इथे राहू नकोस, लोक काय म्हणतील. आठ महिने मी जगाला शिव्या घातल्या, कारण एक क्षण थांबले असते तर मलाच घालाव्या लागल्या असत्या. कर वाढला हे खरं, त्याने धंदा बसला हे खरं. पण कराने मला फोन केला नव्हता. ओवेसने केला होता.

ओवेसने मला माफ करावं असं मी लिहीत नाही. हातोडी त्याला देते, कारण तिच्यावर त्याचाच हक्क आहे. पुढे कोणाला विचारू नकोस, बेटा. फोड.

कलम १०. हे कलम आज वकीलबाईंच्या कार्यालयात बसून वाढवलं आहे.

वकीलबाईंनी सांगितलं की मृत्युपत्र माणूस मेल्यावरच बोलतं. मग कलम नऊ काय कामाचं? मी अजून दहा वर्षं जगले तर ओवेस दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढेल आणि प्रभाकर दहा वर्षं अंधारात वाट बघेल. म्हणून कलम नऊ वेगळ्या कागदावर लिहून, सही करून, आजच दुपारी पोलिसांकडे देणार आहे. वकीलबाई सोबत येणार आहेत. पुढे काय होईल ते त्यांनी मला समजावून सांगितलं आहे. मला समजलं आहे.

मी वेणूला बोलावून घेतलं आणि सही करण्याआधी कलम सात, आठ आणि नऊ वकीलबाईंना तिला वाचून दाखवायला सांगितलं. मी खिडकीकडे बघत होते. वाचून झाल्यावर वेणू म्हणाली, "आठ महिने मी ओवेसला तलतलाट देत होते, भाभी. रोज सांजच्याला."

मी म्हटलं, "मला माहीत होतं."

"तुमाला म्हाईत होता आनि तुमी मना च्या पाजत होता."



मग साक्षीदारांचं निघालं. एक साक्षीदार डॉ. निनाद. दुसरा कोण, असं वकीलबाईंनी विचारलं. वेणू म्हणाली, मी. वकीलबाईंनी तिला समजावलं, की ज्याला मृत्युपत्रातून मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोणी बोट ठेवलं तर तुझाच वाटा अडचणीत येईल. गाळ्यातून मिळणारा तो एक तृतीयांश म्हणजे आजच्या भावाने केवढा होतो, तेही त्यांनी तिला सांगितलं. विमानतळ झाल्यापासून जासईच्या रस्त्याला काय भाव आलाय ते वेणूलाही ठाऊक आहे.

वेणू म्हणाली, "मना नको तुमचा गाला. उद्या कोनी बोलला का भाभीनी असा काय लिवलाच नाय, तं मी सांगनार, माझ्यासमोर लिवलाय. मना साक्षीदार व्हायचाय."

मी तिला पुष्कळ समजावलं. शेवटी रागावले. ती म्हणाली, तुमचा राग बघितलाय आता मी. तेव्हा मी वकीलबाईंना तिचं नाव लिहायला सांगितलं. तिने मला माफ केलं असं कोणी समजू नये. मीही समजलेली नाही.

तरी कलम सात बदलून मी एक तृतीयांश वेणूची मुलगी मनस्वी प्रभाकर घरत, वय वर्षे एकोणीस, हिला देते. शिवाय बँकेतल्या शिलकीचा काही भाग मरणाची वाट न पाहता आजच प्रभाकरच्या औषधपाण्यासाठी मनस्वीच्या खात्यावर हिबा, म्हणजे बक्षीस, करून दिला आहे, कारण औषध उद्याही लागणार आहे. यावर वेणू एवढंच बोलली, "पोरीचा पोरगीच बघंल."

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मी ऐकलं, तीन ठिकाणी दुरुस्त करून घेतलं. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. हे खोटं ठरवायला माझ्यापेक्षा जास्त रागावलेला माणूस लागेल.

ठिकाण: पनवेल
दिनांक: १२ जून २०२६

लिहून ठेवणार:
(सही) कुलसुम मुबारक मुकादम

आमच्या समक्ष सही केली, आणि तिच्या समक्ष आम्ही सह्या केल्या:

साक्षीदार क्र. १: (सही) डॉ. निनाद श्रीधर बापट, पनवेल

साक्षीदार क्र. २: (सही) वेणू प्रभाकर घरत, जासई

टीप: साक्षीदार क्र. २ यांच्या सहीशेजारी असलेला गुलाबी ठिपका हा डाग किंवा खाडाखोड नाही. तो त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेला आहे.
(सही) ॲड. चारुता कर्णिक